अकरा वेळा न्हाई, बाराव्याला व्हय

मुक्काम पोस्ट रोम
(म्हणजे हैदराबादच्या बाहेर, डोंगर फोडून केलेलं सिनेमाचं गाव)

ती. कुशाबामामा यांस,

तुमच्या पायांवर इथूनच डोकं ठेवतो. जवळ येऊन ठेवलं असतं, पण मागच्या वेळी तुम्ही पायातली वहाण हातात घेतली होती ते आठवतं, म्हणून अंतर ठेवलेलं बरं. मामींना नमस्कार. तुमचा डावा गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का? भऱ्याच्या फाट्यावरचा खड्डा बुजवला, की त्यात गावानं लावलेलं झाड आता सावली द्यायला लागलं? मी इथं सुखरूप आहे. आजवर नऊ वेळा मेलो, पण तब्येत ठणठणीत आहे. फोन केला असता, पण तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलाय, मामींनीपण केलाय, आणि परवा म्हशीचा डॉक्टर म्हणून दुसऱ्याच्या फोनवरून लावला तर तुम्ही आवाज ओळखून तोही केला. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून पत्र. सातवीत बाई सांगायच्या की बोलताना 'हाय' म्हटलं तरी लिहिताना 'आहे' लिहावं, म्हणून सगळीकडं आहे-आहे लिहिलंय. राग मानू नका, मी शहरी झालो नाही.

तुमचा चष्मा नेहमीसारखा सापडत नसेल, तर पत्र जयाकडं वाचायला द्या. सापडला असेल तरी तिच्याकडंच द्या, डोळ्यांना ताण नको. (जया, कंसातलं मोठ्यानं वाचायचं नाही. कंस म्हणजे हे दोन वाकडे दांडे. कशी आहेस?)

एक गोष्ट आधीच सांगतो मामा, त्या दिवसाचा विषय मी या पत्रात काढणार नाही. तुमच्या ओसरीवर दोन्हीकडची माणसं बसली होती, यादी करायची होती, सुपारी फोडायला अडकित्ता बाहेर काढला होता, आत चहाला उकळी आली होती, हे मी लिहिणारच नाही. तुम्ही चष्मा लावून, लग्नाच्या यादीचा कागद हातात धरून, सगळ्यांसमोर मोठ्यानं मला विचारलं, "काय हनुमंता, आमची जया पसंत हाय ना?" आणि मी म्हणालो, "न्हाई." यावर मी एक अक्षर लिहिणार नाही. फक्त एवढंच सांगतो की ते मी म्हणालो नव्हतो. ते आमचे कोंडीबा आजा म्हणाले होते, माझ्या तोंडून.

तुम्हाला आमच्या घरची रीत माहीत आहे, पण पुरती नाही. मुळशीत जमिनीला भाव आला तेव्हा रोज कोणी ना कोणी पांढरा शर्ट घालून, काखेत फाईल मारून वस्तीवर चढायचं. आजांच्या चुलतभावानं एकदा 'फक्त पोच द्या' म्हणून अंगठा दिला, आणि टेकडीचा अख्खा उतार गेला. तिथं आता पुण्याचे लोक पोहतात. तेव्हापासून आजांनी आम्हा नातवंडांना अंगणात ओळीनं उभं करून तालीम दिली. ते स्वतः वर्तमानपत्राची घडी हातात घेऊन फाटकातून यायचे आणि विचारायचे, "तू कोंडीबाचा नातू का रं?" आम्ही म्हणायचं, "न्हाई." "हे घर कुणाचं?" "म्हाईत न्हाई." "मग तू हितं काय करतुया?" "पाहुणा हाय." जो चुकून व्हय म्हणेल त्याला त्या दिवशी ताक नाही. कागद दिसला की न्हाई, हे माझ्या इतकं अंगात मुरलं की शाळेत गुरुजी हजेरीपट घेऊन 'हनुमंत?' म्हणाले की मी उभा राहून सांगायचो, "न्हाई आला." सातवीचं सगळं वर्ष मी पहिल्या बाकावर बसून गैरहजर होतो. पुढं शाळेनं नाव काढलं, त्याला कारण हेच. लोक म्हणतात पोरगं डोक्यानं कमी. डोकं होतं, मामा. कागदावर नव्हतं.

तर त्या दिवशी तुमच्या हातात कागद होता. तुम्ही नुसतं मोकळ्या हातानं विचारलं असतं तर आज अडकित्ता चालला असता.

दुसऱ्या दिवशी मी तोंड घेऊन कुठं जाणार होतो? पिरंगुटच्या कारखान्यात आम्ही फायबरच्या पाण्याच्या टाक्या करायचो. तिथं त्याच आठवड्यात रोमचे खांब करायची ऑर्डर पुरी झाली होती. (रोमचा खांब म्हणजे उभी, बारीक पाण्याची टाकी. वर फुलं लावली की झालं.) ते बत्तीस खांब ट्रकात भरले आणि खांबांबरोबर मीपण हैदराबादला आलो. खांब उभे करून परत यायचं होतं. पण परत यायला तोंड लागतं, म्हणून राहिलो.

इथं जो सिनेमा चाललाय तो दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमचा आहे. येशूला मानणाऱ्या लोकांना तिथलं सरकार पकडायचं, विचारपूस करायचं आणि मोठ्या गोल मैदानात जनावरांपुढं टाकायचं. लोक बघायला यायचे, जत्रेतल्या कुस्त्यांना येतात तसे. मी आधी बघणाऱ्या लोकांत होतो. मग एकदा शॉट चालू असताना मी आभाळाकडं बघत हात जोडून उभा होतो. डायरेक्टर साहेबांनी कॅमेरा थांबवला आणि माझ्याकडं बोट करून ओरडले की ही बघा श्रद्धा, हा चेहरा मला मरणाऱ्यांत पाहिजे. मामा, खरं सांगतो, माझ्या डोक्यावरचा खांब मीच जोडला होता आणि तो हलत होता. एवढी श्रद्धा माझ्यात कधी आली नव्हती. अशा रीतीनं मला बढती मिळाली आणि मी हुतात्मा झालो. रोल मोठा आहे.

इथं एक फादर आहेत, फादर इनास, वसईचे, सत्तरीचे, आपल्यासारखंच मराठी बोलतात. सिनेमात चूक होऊ नये म्हणून त्यांना आणलंय, आणि दिवसभर चुका होतात त्या बघत ते खुर्चीवर बसतात. हुतात्म्याला ते 'रक्तसाक्षी' म्हणतात. त्यांचं आणि साहेबांचं रोज वाजतं. साहेबांना सगळे रक्तसाक्षी पांढऱ्याशुभ्र कपड्यात पाहिजेत. फादरनी विचारलं, तुरुंगात महिनाभर राहून यांची इस्त्री कुठं झाली? साहेबांना प्रत्येक मरणाला वरून उजेड आणि मागून गाणं पाहिजे. फादर म्हणाले, खरे कागद वाचा, त्यात उजेड नाही, गाणं नाही, कोर्टासारखी नुसती सवाल-जबाबाची ओळ आहे. नाव काय? अमुक. तू ख्रिस्ती आहेस का? आहे. संपलं. एक तरणी आई होती, अंगावर पिणारं लेकरू असलेली. तिच्यावर सिंह नाही, पिसाळलेली गाय सोडली होती. (साहेब म्हणाले गाय पोस्टरवर चालणार नाही.) त्या गाईनं तिला उडवली, तर ती उठून बसली आणि केसांना लावायचा आकडा मागायला लागली. मोकळे केस म्हणजे त्यांच्यात सुतकाची खूण, आणि तिला तो दिवस सुतकाचा वाटत नव्हता. साहेबांनी हे ऐकलं आणि तिचे केस आणखी मोकळे सोडून पुढं मोठा पंखा लावला. फादर जेवलेच नाहीत. मीपण त्या दिवशी दुसऱ्यांदा भात घेतला नाही. (जया, तूपण भांडायच्या आधी केस बांधतेस.)

मला सगळ्यात नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. फादर सांगतात, त्या लोकांना सुटायला काही कठीण नव्हतं. रोमचे साहेब लोक एकदा नाही, तीन-तीनदा विचारायचे. 'नाही' म्हणायचं आणि राजाच्या मूर्तीपुढं चिमूटभर धूप टाकायचा, की घरी. चिमूटभर! मी डबाच पालथा केला असता, वर कापूर लावला असता, आणि साहेबाच्या घरचं कसं काय हेपण विचारलं असतं. एक 'नाही' म्हटलं की सिंह उपाशी आणि माणूस घरी, आणि तरी ही माणसं 'हो' म्हणायची. आणि मामा, मी 'हो' म्हटलं असतं तर चहा होता, पोहे होते, सुपारी होती, सिंह नव्हता (तुम्ही होता, पण तुम्ही प्रेमळ आहात), आणि मी 'नाही' म्हणालो. हे डोक्यात आलं त्या दिवसापासून माझी झोप गेली. फादरना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

आता माझ्या शॉटचं ऐका. आम्ही अकरा जण ओळीत. समोर उंच खुर्चीवर रोमचा सुभेदार, आणि त्याच्या हातात, मामा, कागद. गुंडाळी केलेला, पण कागद. त्यानं प्रत्येकाला विचारायचं, "तू ख्रिस्ती आहेस का?" आणि आम्ही छाती काढून म्हणायचं, "होय!" ज्याला जी भाषा येते त्यात म्हणा, नंतर आवाज दुसऱ्याचा घालतात. माझी पाळी आली. सुभेदारानं गुंडाळी उलगडली, माझ्याकडं बघितलं, विचारलं. मी म्हणालो, "मी न्हाई बुवा, ते वरच्या आळीचे."

साहेबांना मराठी कळत नाही, पण मी बोटानं शेजारच्याकडं दाखवलं ते कळलं. पुन्हा घेतलं. मी म्हणालो, "मालक घरी न्हाईत." तिसऱ्यांदा, "आजा मळ्यात गेलाय, मंगळवारी या." चौथ्यांदा मी नुसती मान हलवायची ठरवली, तर ती आडवीच हलली. सहाव्याला माझ्या उजवीकडचा रक्तसाक्षी हसायला लागला, आणि आठव्याला सगळी ओळ हसत होती, ज्यांना मरायचं होतं तेसुद्धा. साहेबांनी टोपी जमिनीवर आपटली. एकानं सुचवलं की सुभेदाराच्या हातातला कागद काढा. काढला, आणि मी असा खणखणीत 'होय' म्हणालो की वरची कबुतरं उडाली. पण फादर खुर्चीवरून उठले. म्हणाले, कागद पाहिजेच, सगळं लिहून घ्यायचे, कागदाशिवाय रोम नाही. त्या दिवशी मला फादरचा पहिल्यांदा राग आला. ते होय मोजलंच नाही, कागदासकट असे अकरा न्हाई झाले.

जेवणाच्या सुट्टीत फादर माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, हनुमंता, तू एकटा नाहीस. त्या काळी एक राजा असा आला की त्यानं हुकूमच काढला, सगळ्यांनी धूप टाकायचा आणि तसा दाखला घ्यायचा. अमुक गावच्या तमुकानं आमच्यासमोर धूप टाकला, खाली सही. तसले दाखले मातीतून सापडलेत. कित्येकांनी घाबरून टाकला, कित्येकांनी न टाकताच ओळखीनं दाखला करून घेतला. (म्हणजे एजंट तेव्हापण होते.) ते सगळे 'नाही' म्हणाले होते, सगळ्यांदेखत, कागदावर. मग भीती गेली, आणि हीच माणसं परत दारात येऊन रडायला लागली, आम्हाला आत घ्या. मी विचारलं, घेतलं का? फादर म्हणाले, भांडणं झाली, काही जण म्हणाले अजिबात घ्यायचं नाही, पण शेवटी घेतलं. प्रायश्चित्त करायला लावलं, वेळ लागला, पण घेतलं. आणि सिनेमात हे कुणी दाखवत नाही, कारण दारात रडत उभ्या माणसावर वरून उजेड टाकता येत नाही.

मामा, माझ्या हातातला घास हातातच राहिला.

सुट्टी संपली, बारावी खेप. सुभेदारानं कागद उलगडला. मी त्याच्याकडं बघितलं तर मला खुर्चीवर तुम्ही दिसलात. तोच चष्मा, तोच कागद, मागं चहाची उकळी, आणि दाराआडून दिसणारं हिरवं काकण. आजा माझ्या जिभेवर बसलेच होते. मी त्यांना मनात म्हणालो, आजा, हा टेकडी मागायला आलेला न्हाई, जरा उतरा. सुभेदारानं विचारलं, तू ख्रिस्ती आहेस का? आणि मी डोळ्यांत पाणी आणून, अख्ख्या रोमला ऐकू जाईल असं ओरडलो, "व्हय! पसंत हाय!"

साहेब खुर्चीवरून धावत आले आणि त्यांनी मला मिठी मारली. असा रक्तसाक्षी त्यांनी बघितला नव्हता. फादर तोंडाला रुमाल लावून मागं वळले, हसत होते का आणखी काय ते दिसलं नाही. आवाज दुसऱ्याचा घालतील, पण ओठ माझेच राहणार. सिनेमा पिरंगुटला लागला की नीट बघा, ओठ काय म्हणतायत ते मुळशीतल्या माणसाला कळेल.

राहिला सिंह. सिंह परभणीचा आहे, वाल्मीक नाव. अंगभर हिरवा तंग कपडा घालून चार पायांवर धावतो, नंतर कॉम्प्युटरवर त्याच्यावर सिंह चढवतात. त्याचापण गुडघा दुखतो. (डावाच, मामा. तो एरंडेल लावतो.) मी शांत उभं राहून त्याला अंगावर घ्यायचं होतं. पण एवढा मोठा हिरवा प्राणी गुरगुरत आला तेव्हा माझ्या तोंडून, वस्तीवर बिबट्या आला की निघतं तसं, "हाऽड!" निघालं. वाल्मीकपण खेड्यातलाच, तो जागच्या जागी बसला. तेवढ्यात धक्क्यानं म्हणा की माझ्या पापानं म्हणा, तो हलणारा खांब पडला आणि मैदानभर गडगडत गेला, आणि कॅमेऱ्यापुढं थांबला तेव्हा त्याची खालची बाजू वर आली. तिथं साच्यातून आलेली अक्षरं तशीच होती, '१००० लिटर'. खेळ बघायला बसलेल्या रोमच्या राजाच्या पुढ्यात. साहेबांनी टोपी शोधली, पण ती आधीच आपटून झाली होती.

असो. फार लांबलं. माझं इथलं काम पंधरा दिवसांत संपेल. सगळ्यांना नमस्कार, म्हशीला चारा, गुडघ्याला शेक.

तुम्ही मानलं तर तुमचा भाचा,
हनुमंत

ता. क. : मामा, उजवा गुडघा कसा आहे?

ता. क. दुसरा : वस्तीवरच्या गोरखनं फोनवर सांगितलं की येत्या रविवारी कासारसाईचं स्थळ जयाला बघायला येतंय. मुलाचा दुमजली बंगला आहे आणि खोल्या कंपनीवाल्यांना भाड्यानं दिल्यात म्हणे. चांगलं आहे. माझा त्याच्यावर राग नाही. फक्त तुम्ही त्याला एकदा विचारा, की समोर सिंह असला तर व्हय म्हणशील का? मी म्हणालोय. साक्षीला फादर आहेत.

ता. क. तिसरा : वर रोल मोठा आहे असं लिहिलंय, ते तेवढं खरं नाही. ओळीत डावीकडून तिसरा आहे, आणि पोस्टरवर सिंहाच्या शेपटीनं माझं तोंड झाकलंय. नऊ वेळा मेलो तेपण नऊ वेगवेगळ्या दाढ्या लावून, माणसं कमी पडली म्हणून. खोटं सांगून आत यायचं नाही असं ठरवलंय.

ता. क. चौथा : (जया, मामा आतापर्यंत झोपले असतील. दोन वर्षांपूर्वी पौडच्या बसमध्ये तू विचारलं होतंस, तेव्हा तुझ्या हातात कागद नव्हता आणि मी लगेच व्हय म्हणालो होतो. तेच खरं होतं. तू दाराआडून 'न्हाई' ऐकलंस, आणि ते ऐकून काकणं वाजायची थांबली. तो आवाज मला इथं रोज ऐकू येतो, म्हणजे न वाजल्याचा. रविवारी तुला ज्याला व्हय म्हणायचं असेल त्याला म्हण. पण आधी केस बांध.)

ता. क. पाचवा : मामा, झोपला नसाल आणि चष्मा सापडला असेल, तर कंसातलं तुम्ही वाचलं नाही असं धरून चालतो. मागायचं ते एकच. यादी परत काढा आणि मला परत विचारा. प्रायश्चित्त सांगाल ते करीन, म्हशीखालचं शेण वर्षभर काढीन, वहाणेचंपण बघू. कागद हातात घेऊनच विचारा, मोठ्यात मोठा घ्या, सात-बारा घेतलात तरी चालेल.

ता. क. शेवटचा : आमच्या घराण्यात कोंडीबा आजांपासून कुणी कागदावर सही केलेली नाही, अंगठापण नाही. हा पहिला कागद. खाली सही करतो आणि वर अंगठापण देतो. शाई नव्हती म्हणून सिनेमातलं रक्त घेतलंय. घाबरू नका, ते साखरेच्या पाकाचं आहे. रविवारच्या आत पत्र पोचलं नाही आणि उशिरा आलं तर अंगठ्याला मुंग्या लागलेल्या असतील, त्या झटकून टाका, पण अंगठा पुसू नका. पसंत हाय.

हनुमंत